आर्डिसचं डुक्कर

१

आमच्या चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात टायमर कसा लावायचा हे शिकवायचं काम माझ्याकडे आहे. हसू नका. किल्लीचे स्वस्तातले टायमर असतात, पण बायका ते चुकीचे लावतात आणि मग मयताच्या जेवणाला लोकांपुढे कच्चे बटाटे जातात.

पाच मिनिटं हवी असतील तर चकती पाचावर नेऊन सोडून द्यायची नसते. आधी ती शेवटपर्यंत फिरवायची आणि मग मागं पाचावर आणायची. नाहीतर आतली स्प्रिंग पुरती ताणली जात नाही, आणि वेळ भरली तरी घंटा वाजत नाही. घशात कफ अडकल्यासारखं नुसतं खुर्र होतं आणि संपलं.

प्रत्येकीचा टायमर वेगळा. माझा पत्र्याचा, साधा, कॉफीच्या मोठ्या भांड्यासाठी. मार्लिसचा कोंबडीच्या आकाराचा, अंडी उकडायला. पावांसाठी एक लिंबू आहे. आणि आर्डिसचं डुक्कर. गुलाबी प्लास्टिकचं, नाकाचा रंग उडालेला, आणि कधीही हातात घ्या, चिकट. तिला मी जन्मभर सांगितलं, "अगं, पूर्ण फिरव, मग मागं आण." तिनं कधी ऐकलं नाही. त्यामुळे तिच्या डुकराची घंटा कधी वाजलीच नाही. कायम खुर्र.

एक नियम आहे, तोही माझाच. जिचा टायमर, तिनंच भांडं ओव्हनमधून काढायचं. दुसरीनं हात लावायचा नाही. पूर्वी एकदा एकीनं दुसरीचं भांडं अर्धकच्चं काढलं आणि त्या दोघी मरेपर्यंत एकमेकींशी बोलल्या नाहीत. तेव्हापासून नियम म्हणजे नियम.

आर्डिस माझी भावजय. धाकट्या भावाची, ऑर्विनची बायको. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, म्हणून तिच्याबद्दल नाही, तिच्या स्वयंपाकाबद्दल बोलते. तिचं हॉटडिश मला बघवत नसे. खाली खिमा, त्यावर डब्यातलं मशरूमचं सूप, वर बटाट्याच्या छोट्या गोळ्या. हे तर आमच्याकडे सगळ्याच करतात. पण ही बया भाजता भाजता फॉइलचा कोपरा उचलायची, तर्जनी आत खुपसायची, बोट चोखायची, आणि तेच बोट परत त्याच भोकात! शी! तिच्या प्रत्येक भांड्याच्या एका कोपऱ्याला बोटाएवढं भोक असायचं. मी तिच्या हातचं कधी काही खाल्लं नाही. माझ्या भावाला मात्र तो कोपराच लागायचा. "कोपरा माझा," म्हणायचा, लहान मुलासारखा. आणि भांडी ती नेहमी दोन करायची. एक पुरत नाही म्हणे.

२

आर्डिस गेली त्या दिवसापासून ऑर्विननं अन्नाला तोंड लावलं नव्हतं.

मी सूप नेलं, खीर नेली, त्याला आवडतो तो हेरिंग मासा नेला. तो बशीकडे बघायचा आणि हळूच ती माझ्याकडे सरकवायचा. गालांची हाडं वर आली. पँट कमरेवर राहीना. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर दवाखान्यात घालून नळीनं भरवावं लागेल, आणि त्या वयात नळी लागली की माणूस सहसा परत घरी येत नाही. आमच्या घरातले आता तो आणि मी, दोघंच उरलोय. मला त्याच्यामागे राहायचं नव्हतं.

"काहीही खा रे बाबा," मी त्याला म्हणाले. "माझ्यासाठी खा. काय वाटेल ते सांग, मी करून देते."

"तुझ्या हातचं नको गं, डलोरिस," तो म्हणाला. "तू चांगलं करतेस. पण नको."

अंत्यविधीच्या आधी शवपेटी उघडी ठेवतात, तेव्हा मी तिला नीट पाहिलं. अंत्यसंस्कारवाल्यांनी तिची नखं रंगवली होती, पोवळ्याच्या रंगाची. आर्डिसनं आयुष्यात नखं रंगवली नव्हती. दुसऱ्याच कुणाचे हात तिला लावल्यासारखे दिसत होते. ऑर्विननं खिशातून ते डुक्कर काढलं आणि तिच्या उजव्या हाताशी ठेवलं.

"अरे, हे काय?" मी कुजबुजले.

"तिचं आहे," तो म्हणाला. "तिला लागतं."

झाकण लावलं तेव्हा मी तिथंच होते. डुक्कर आत होतं.

३

हिवाळ्यात आमच्याकडे जमीन दगडासारखी होते, खड्डा खणता येत नाही. माणूस वसंतापर्यंत दफनभूमीच्या शेडमध्ये थांबतो. त्यातून त्या दिवशी वारा सुटला होता आणि रस्त्यावर बर्फ साचला होता, म्हणून गाडी जेवणानंतर नेऊ असं ठरलं. पेटी वर चर्चमध्येच राहिली. आम्ही खाली जेवणाच्या तयारीला लागलो.

आत आम्ही तिघी. मी, मार्लिस आणि ब्रेना. मार्लिस माझी जुनी मैत्रीण, जिभेला हाड नाही. ब्रेना तिची नवी सून, पहिल्यांदाच मयताच्या जेवणाला आत आलेली.

"हिला टायमर शिकव गं," मार्लिस म्हणाली. "घरी माझ्या मुलाला कोळसा खायला घालते."

"तुमचा मुलगा कोळसापण मागून घेतो," ब्रेना म्हणाली.

मी तिला लिंबू दिलं आणि दाखवलं. आधी शेवटपर्यंत, मग मागं. पोरगी हुशार, एकदाच सांगावं लागलं. मी माझा लावला, मार्लिसनं कोंबडी लावली. तीन टिकटिकी सुरू झाल्या. मला तो आवाज आवडतो. सगळं वेळेत होणार असं वाटतं.

मग माझ्या लक्षात आलं की टिकटिकी चार आहेत.

चौथी लंगडत होती. टिक, टिक, मग जरासं थांबून, मग घाईनं टिक. हा आवाज मी अर्धं आयुष्य ऐकत आले होते. मी मागं वळले. खालच्या ओव्हनच्या दांड्याजवळ, फडक्याच्या शेजारी, ते डुक्कर बसलं होतं.

४

घाबरायचं काही कारण नाही, असं मी स्वतःला बजावलं. पेटी बंद करायच्या आधी चष्मा, अंगठ्या काढून घेतात, तसं कुणीतरी तेही काढलं असेल. झाकण लावताना आत होतं खरं, पण नंतर परत उघडलं असेल. कुणीतरी प्रेमानं खाली आणून ठेवलं असेल.

"हे कुणी लावलं?" मी विचारलं.

मार्लिस म्हणाली, "मी नाही." ब्रेना म्हणाली, "मला वाटलं तुमचं." आणि तिनं हात एप्रनला पुसले. तिनं त्याला हात लावलेला असणार, बोटं चकाकत होती.

खालच्या ओव्हनमध्ये भांडं होतं. काचेतून पाहिलं तर फॉइल लावलेलं, लांबट, काठाला तपकिरी राप बसलेलं. ते भांडं मी ओळखलं. पण तिनं मरायच्या आधी करून फ्रीझरमध्ये ठेवलं असेल, ऑर्विननं आणलं असेल, त्यात काय एवढं? काल रात्री त्याचा फ्रीझर मीच आवरला होता, आत फक्त बर्फ आणि वाटाणे होते, ही गोष्ट मी त्या वेळी मनात येऊ दिली नाही.

वास मात्र येत होता. आधी नुसता खिम्याचा, तेलकट. मग त्याखालून दुसरा, गोडसर, फुलदाणीत पाणी कुजतं तसा. मी खिडकी उघडायला गेले, पण ती गोठून बसली होती.

आणि डुक्कर वाजलं. खुर्र.

तिघीही हललो नाही.

"ज्याचं त्यानं काढावं," मार्लिस म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "नियम आहे ना तुझा?"

"मग आता?" ब्रेनानं विचारलं.

"अजून पाच मिनिटं लाव," मी म्हणाले. का म्हणाले, देव जाणे. कुणालाच ते दार उघडायचं नव्हतं, आणि पाच मिनिटं म्हटलं की तेवढा वेळ तरी उघडावं लागत नाही. ब्रेनानं चकती पूर्ण फिरवली, मागं आणली, अगदी मी शिकवली तशी. लगेच हात नळाखाली धरला.

"कोमट आहे," ती म्हणाली. "कुणीतरी आत्ताच हातातून ठेवल्यासारखं."

पाच मिनिटं भरली. इतकं नीट लावूनही घंटा वाजली नाही. खुर्र. मग मार्लिसनं लावलं, तोंडानं काहीतरी प्रार्थना पुटपुटत. पुन्हा खुर्र. मग मी लावलं. बोटांना थंड चरबीचा थर लागला, साबणानं घासला तरी जाईना. ओव्हनच्या दाराखालून काहीतरी ओघळून फरशीवर येत होतं. तूप जमतं तसं पांढरं, घट्ट. मी त्यावर फडकं टाकलं. फडकं हळूहळू पिवळं झालं.

मला आर्डिसचा राग आला, मेल्यावरसुद्धा माझं स्वयंपाकघर घाण करते म्हणून. राग आला की भीती जरा कमी होते, म्हणून मी तो धरून ठेवला.

५

हॉलमध्ये ताटं वाढतात त्या झरोक्याशी ऑर्विन आला. काळा कोट अंगावर लोंबत होता. त्यानं डोळे मिटले आणि नाकानं मोठा श्वास घेतला.

"झालं का गं?" त्यानं विचारलं.

"काय?"

"आर्डिसचं." तो हसला. ती गेल्यापासून पहिल्यांदा हसला. "मला भूक लागलीय, डलोरिस."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. हे ऐकायला मी किती दिवस जिवाचा आटापिटा करत होते. आणि ऐकायला मिळालं ते कशासाठी, तर या घाणीसाठी!

"हॅम वाढते तुला," मी म्हणाले. "ताजे पाव आहेत. सॅलड आहे."

"नको. मी थांबतो. तिचं होऊ दे." आणि तो पहिल्याच टेबलाशी जाऊन बसला, हातात रिकामं ताट आणि काटा धरून.

मी मार्लिसला म्हणाले, "मागचं दार उघड. मी हे भांडं काढते आणि बर्फात फेकते."

"अगं, पण नियम..."

"नियम माझा आहे! माझा भाऊ ते खाणार नाही. कळलं?"

डुक्कर अजून लंगडत चाललं होतं, चकतीवर थोडा वेळ शिल्लक होता. मी भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेले ओव्हनचे हातमोजे काढले, ते जाड, कोपरापर्यंत येणारे. डावा घातला. मग उजव्यात हात घातला.

आत बोटं होती.

माझी नाही. माझी बोटं आत गेली आणि त्यांना दुसरी बोटं लागली. थंड, ओली, मऊ, फ्रीजमधल्या कोंबडीच्या कातडीसारखी. ती माझ्या बोटांमध्ये बसायला जागा करून देत होती, गर्दीत कुणी सरकून घेतं ना, तशी. आणि एक बोट, पहिलं, जरासं वळलं आणि माझ्या तळहातावर आपटलं. दोनदा. सबुरीनं. थांब म्हणावं तसं.

मी ओरडलेसुद्धा नाही. हातमोजा झटकून टाकला. तो फरशीवर पडला, पण चपटा पडला नाही.

डुक्कर वाजलं. या वेळी घंटा वाजली. पूर्ण, खणखणीत, लांबलचक.

६

आम्ही तिघी बाहेर पळालो आणि मी दार ओढून घेतलं. झरोक्याची फळी मार्लिसनं खाली पाडली. हॉलमधले लोक बघायला लागले तर तिनं सांगितलं, "धूर झालाय थोडा, बसा तुम्ही." दातावर दात वाजत होते तिचे.

आतून ओव्हनचं दार उघडल्याचा आवाज आला. ते दार जड आहे, करकरतं. मग जाळी पुढं ओढल्याचा. मग फॉइल उचलल्याचा, नुसता एक कोपरा, कुरकुर करत. मग थोडा वेळ काहीच नाही.

मग चोखल्याचा आवाज.

ब्रेना भिंतीकडे तोंड करून तिथंच ओकली. मार्लिस तिची पाठ चोळत राहिली. मी दाराची मूठ घट्ट धरून उभी होते. कुणी बाहेर येऊ नये म्हणून की आपण आत जाऊ नये म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही. आत काहीतरी जड कट्ट्यावर आदळलं. मग शांत झालं.

मी दार उघडलं. कुणी नव्हतं. खालचा ओव्हन उघडा, आत अंधार. हातमोजे खिळ्यावर नीट टांगलेले, उजव्याच्या टोकातून पाणी ठिबकत होतं. कट्ट्यावर भांडं, त्यातून वाफा निघत होत्या. बटाटे सोनेरी, सुरेख भाजलेले. आर्डिसचं इतकं चांगलं कधी भाजलं नव्हतं.

एका कोपऱ्यात भोक होतं.

मी जवळ गेले. भोकाच्या तळाशी, सुपाच्या राखाडी रश्श्यात काहीतरी चिकटलं होतं. पोवळ्याच्या रंगाचं, फुलाच्या छोट्या पाकळीएवढं. मुळाशी कातडीची पांढरी झालर.

मी चमचा उचलला. एवढं काढून टाकावं, निदान एवढं तरी. पण चमच्यानं ते आणखी खोल गेलं. वरून रस्सा येऊन मिळाला आणि काही दिसेनासं झालं.

"झालं वाटतं," ऑर्विन म्हणाला. तो दारात उभा होता, ताट पुढं धरून.

७

मी दुसऱ्या टोकाचं वाढायला गेले.

"कोपरा," तो म्हणाला.

"तो करपलाय रे. हे घे ना, मधलं चांगलं आहे."

"डलोरिस." त्यानं ताट मागं घेतलं. "कोपरा नसेल तर मला काहीच नको. खरंच नको. मी घरी जातो."

मी त्याच्या मनगटाकडे पाहिलं. घड्याळ त्यावरून घसरून कोपराकडे गेलं होतं. घरी जातो म्हणजे काय, ते त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. मार्लिस माझ्याकडे बघत होती. नाही म्हण, असं तिचे डोळे सांगत होते. तिच्या भावाला कुणी नळी लावणार नव्हतं.

मी कोपरा वाढला.

तो तिथंच कट्ट्याशी उभा राहून खायला लागला. पहिला घास, दुसरा. खाताना तो गुणगुणत होता, लहानपणी गुणगुणायचा तसा. तिसऱ्या घासाला त्याच्या दाढेखाली काहीतरी कटकन मोडलं. मी डोळे मिटले. तो चावत राहिला, चवीनं, सावकाश, आणि गिळलं.

"कुरकुरीत झालंय," तो म्हणाला. "तिला आता जमायला लागलंय."

मी डोळे उघडले. त्याच्या गालांवर रंग आला होता. शपथेवर सांगते, माझ्या डोळ्यांदेखत आला. ओठ ओले, लाल झाले होते. त्यानं तर्जनीनं ताट पुसलं, बोट चोखलं, परत पुसलं, परत चोखलं. मला शिसारी आली. आणि त्याच वेळी आनंदही झाला. भाऊ जगला माझा! दोन्ही एकाच पोटात, एकमेकांवर चढून बसलेले. त्या दिवसापासून मला माझ्या हातचंही अन्न जात नाही.

"चल, बाहेर बस आता," मी म्हणाले. "कॉफी देते."

तो हलला नाही. मान तिरकी करून ऐकत होता. मग मलाही ऐकू आलं. वरच्या ओव्हनच्या दांड्याजवळून. टिक, टिक, जरासं थांबून, मग घाईनं टिक.

ब्रेना जिना चढून पळाली, तिच्यामागं मार्लिस. जाताना तिनं माझी बाही ओढली, मी ती सोडवून घेतली.

"दुसरं आहे," ऑर्विन आनंदानं म्हणाला. "ती नेहमी दोन करते." त्यानं चाटून लख्ख केलेलं ताट माझ्या हातात दिलं आणि मायेनं माझ्या खांद्यावर थोपटलं. दोनदा, एका बोटानं. "या वेळी तू आत थांब, डलोरिस. तिला एकटीला जड जातं गं ते भांडं."

मी ताट घेतलं. तो बाहेर गेला आणि त्यानं माझ्यामागं दार लावून घेतलं.